नुसती जमीन नव्हे, बैलही हवेत

‘लहान शेती परवडत नाही’ हे आम्ही ऐकत आलो आहोत. बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतजमिनींवरील निबंधात त्याचं उत्तर दिलं होतं: शेत लहान की मोठं हे एकरांवर ठरत नाही, बैल, अवजारं, भांडवल यांच्या प्रमाणात ठरतं. साधनंच अपुरी असतील तर दोन एकरही जड जातात.

१९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन तुरुंगात गेले. मराठवाड्यात आमच्या माणसांनी मुरमाड गायरानं कसली. दगड वेचले, त्यांचेच उताराला आडवे बांध घातले, म्हणून माती थांबली. शेळ्यांचं लेंडीखत टाकलं. बाजरीत तूर घेतली. पाऊस लवकर गेला तरी खोल मुळांची तूर तग धरते.

शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय घेतला, तरी कित्येकांच्या हाती आजही सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही. मग बैल आणि बियाणं सावकाराच्या पैशावर. ज्यांनी माळाची माती केली, त्यांनाच अतिक्रमणवाले म्हणायचं?

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे: सातबारा द्या आणि सोबत बैल, पाणी, कर्जही द्या. जय भीम!