ढग आणि झुडूप

१९८५ साली आलेला निन्टेन्डोचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. त्यातले ८ चित्रांच्या वाट्याला. त्यामुळे शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांच्या चमूने एकच आकार दोनदा वापरला. वर पांढरा रंगवला की ढग, खाली हिरवा रंगवला की झुडूप. परभणीत हा गेम आमच्यापर्यंत आला तो नकली कन्सोलच्या कॅसेटमधून. तिच्यावर यांपैकी कुणाचंच नाव नव्हतं.

आता मी तोच गेम परभणी जिल्ह्यात घडतो असं कल्पून त्याची कन्सेप्ट आर्ट काढतोय. विटांच्या जागी चारठाण्याच्या मंदिरांचे दगड आले, झुडपांच्या जागी कापूस. आज मेमरीची टंचाई नाही, प्रत्येक झाड वेगळं काढता येतं. तरी जुना नियम मी पाळला. फुटलेला कापूस आणि ढग एकाच साच्यातून काढले. या वेळी रंगही बदलावा लागला नाही.

जपानमध्ये त्या साच्याने जागा वाचवली. इथल्या कोरडवाहू रानात त्याचा अर्थ वेगळा होतो. दुसऱ्या चित्रात मी वरचे ढग पुसले, तेव्हा खालचा कापूसही पुसावा लागला.