गंबोरोची पन्नास वर्षे

निपाणी ओळखली जाते तंबाखूसाठी. तिथले 1981 चे गाजलेले शेतकरी आंदोलनही तंबाखूचेच. तंबाखूच्या मानाने ब्रॉयलरचा धंदा नवखा. देशपातळीवर पाहिले, तर कुक्कुटपालन उद्योजक बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली ती 1971 मध्ये. पुढे पुणे या समूहाचे मुख्य ठाणे झाले. योगायोग असा, की भारतात कोंबड्यांच्या गंबोरो रोगाची पहिली नोंदही 1971 चीच. धंदा आणि रोग बरोबरीनेच वाढले म्हणायचे!

अमेरिकेतल्या डेलावेअरमधील गंबोरो गावावरून रोगाला हे नाव पडले. विषाणू गाठतो तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना आणि गुदद्वाराजवळची बर्सा ही ग्रंथीच पोखरतो. प्रतिकारशक्ती घडवणाऱ्या पेशी तिथेच तयार होतात. मग मानमोडीची लस टोचूनही नीट लागू पडत नाही, मागोमाग ई. कोलाय हा जंतू शिरतो, आणि मर गंबोरोची की जंतूची, हे शेडमध्ये उभे राहून सांगता येत नाही.

1990 च्या दशकात गंबोरोचे अतितीव्र वाण देशभर पसरले. जुन्या सौम्य लसी अपुऱ्या पडल्या. प्रतिकारशक्ती खच्ची करणारा दुसरा, चिकन अ‍ॅनिमियाचा विषाणू तर मातृकळपाकडून अंड्यातूनच पिल्लात उतरतो.

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या शेतकऱ्याने म्हणूनच पिल्ले घेताना मातृकळपाच्या लसीकरणाची नोंद मागावी, आणि मेलेली कोंबडी पुरण्याआधी तिचे शवविच्छेदन करून घ्यावे.