चाळीसगावचे एक घर आणि आपल्या घरांतले माळे

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत नववीच्या सहलीचा विषय निघाला. धुळ्याकडच्या उर्दू शाळांच्या सहलीची ठिकाणे ठरलेली असतात : अजिंठा, वेरूळ, दौलताबादचा किल्ला आणि खुलताबादची जियारत. आम्ही चाळीसगाव सुचवले. तेव्हा शिक्षकांच्या खोलीत थोडे हसे झाले. चाळीसगावात काय आहे? एकाला पीर मुसा कादरी बाबांचा उरूस आठवला, दुसऱ्याला पाटणादेवीचा डोंगर. स्टेशनाजवळच्या केकी मूस यांच्या घराचे नाव कोणालाच आठवले नाही.

संमतिपत्रावर सही करायला आलेले एक पालक आम्हाला म्हणाले, "सर, बच्चोंको फोटू दिखाने के वास्ते इत्ता दूर ले जाना?" त्यांच्या प्रश्नात दोन प्रश्न होते. एक भाड्याचा आणि दुसरा तसविरीचा. तसविरीच्या मसल्यावर उलेमांत पूर्वीपासून मतभेद आहेत आणि तो सोडवायला आम्ही बसलेलो नाही. हजच्या अर्जालाही फोटो लागतो, एवढेच आम्ही अदबीने म्हणालो. ते हसले आणि त्यांनी सही केली. पण त्यांच्या पहिल्या प्रश्नाने आमचा पिच्छा सोडला नाही. एखाद्याच्या घरातल्या चित्रांसाठी इतक्या लांब का जावे? आणि असे घर चालते तरी कसे? या लेखात त्याचाच थोडा शोध घेतला आहे.

खान्देशाचा आणि चित्रांचा संबंध जुना आहे. अजिंठ्याची लेणी खान्देशाच्या सीमेपलीकडे असली तरी जगभरचा प्रवासी आजही जळगाव स्टेशनावर उतरून तिकडे जातो. १८४४ साली मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल हा अधिकारी लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला. त्याने कित्येक वर्षे त्या कामात घालवली. मोठमोठ्या कापडांवर केलेल्या नकला लंडनला गेल्या, तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या हिंदी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा १८८५ च्या आगीत सापडल्या. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर आपल्या भुसावळात आहे. माणूस खान्देशाच्या मातीत राहिला, पण त्याचे काम परदेशात राख झाले.

याच गोष्टीची एक बाजू आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९१४ साली हैदराबाद संस्थानाने पुरातत्त्व खाते उघडले. त्याचे प्रमुख गुलाम यजदानी यांनी लेण्यांच्या दुरुस्तीचे काम हाती घेतले, १९२० च्या सुमारास इटलीहून जाणकार बोलावले आणि १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावरचा आपला ग्रंथ चार भागांत प्रसिद्ध केला. हैदराबादचे चित्रकार सय्यद अहमद यांनी आधी लेडी हेरिंगहॅम यांच्या पथकात नकला केल्या आणि पुढे तेच लेण्यांचे देखरेखकार झाले. बुद्धाची चित्रे जपण्यात त्यांनी आपले आयुष्य घालवले. चित्र कोणाचे, यापेक्षा ते आपल्या हवाली केले आहे, ही अमानत त्यांना मोठी वाटली असावी.

पण यजदानींच्या पाठीशी संस्थानाचा खजिना होता. ज्याच्या पाठीशी खजिना नाही, फक्त एक घर आहे, त्याने काय करावे? म्हणून चाळीसगावचे उदाहरण महत्त्वाचे.

कैखुश्रू माणेकजी मूस, म्हणजेच केकी मूस, यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. कुटुंबाचा व्यवसाय चाळीसगावात होता. केकी मूस इंग्लंडला गेले, तिथे चित्रकला आणि छायाचित्रण शिकले, आणखी काही देश पाहिले आणि १९३८ च्या सुमारास परतले. असा माणूस मुंबईत स्टुडिओ थाटेल, असे कोणालाही वाटले असते. ते चाळीसगावच्या दगडी बंगल्यात आले आणि तिथेच राहिले. पुढची सुमारे पन्नास वर्षे ते घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या नावावरून त्यांनी घराचे नाव 'रेम्ब्रांट्स रिट्रीट' ठेवले. ३१ डिसेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते.

घरात बसून छायाचित्रकाराने फोटो कशाचे काढायचे? मूस यांचे उत्तर होते टेबल-टॉप छायाचित्रण. टेबलावर एक छोटे जग मांडायचे. कापसाचा बर्फ करायचा, वाळूचे वाळवंट, वाळल्या काटकीचे झाड, दगडाचा डोंगर. मागे रंगवलेला पडदा लावायचा. दिवा असा ठेवायचा की सावली खऱ्या उन्हाची वाटावी. कॅमेऱ्याचे छिद्र अगदी बारीक करून पुष्कळ वेळ उजेड आत घ्यायचा, म्हणजे जवळचे आणि लांबचे दोन्ही स्पष्ट उमटते. पाहणाऱ्याला वाटते, हा कुठल्या तरी थंड मुलखातला रस्ता आहे. प्रत्यक्षात तो जळगाव जिल्ह्यातल्या एका टेबलावरचा असतो. आमच्या मुलांना सगळ्यांत जास्त हेच आवडले. एका मुलीने विचारले, "सर, म्हणजे घरात बसूनही जग दिसतं?" तिच्या घरातल्या मोठ्या बहिणींची शाळा दहावीनंतर सुटली होती. आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही.

मूस यांच्याविषयी गावात एक दंतकथा सांगतात. मुंबईत त्यांचे एका मुलीवर प्रेम होते. एक दिवस पंजाब मेलने येईन आणि तुझ्यासोबत जेवेन, असे तिने वचन दिले होते. म्हणून दर रात्री मेल जाईपर्यंत ते दार उघडे आणि दिवा लावून ठेवत. योगायोग असा, की पंजाब मेल सुरू झाली तीही १९१२ सालीच, म्हणजे मूस यांच्या जन्माच्या वर्षी. कथा गोड आहे आणि बहुतेक पाहुणे तिच्यासाठीच येतात. ती खरी की खोटी, हे ठरवण्याची गरज आम्हाला वाटत नाही. आमची तक्रार वेगळी आहे. या कथेमुळे माणूस पन्नास वर्षे नुसता वाट पाहत बसला होता, असे वाटू लागते. त्या पन्नास वर्षांत त्याने छायाचित्रे काढली, चित्रे रंगवली, शिल्पे घडवली, जुन्या वस्तू जमवल्या. मजनूची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. त्याने रोज सकाळी उठून काय काम केले, हे कोणी विचारत नाही.

आता घर चालण्याचा प्रश्न. घरातल्या कलादालनाला पहिला धोका आगीचा किंवा चोरीचा नसतो. तो घरातल्या माणसाच्या मृत्यूचा असतो. कलावंत जिवंत असतो तोवर तोच व्यवस्थापक, तोच वाटाड्या आणि तोच झाडूवाला असतो. कुठल्या पेटीत काय आहे, हे फक्त त्याला माहीत असते. तो गेला की दोन गोष्टी एकदम हरवतात, किल्ली आणि यादी. वारसांत वाटण्या होतात, जागेला भाव येतो. काही नाही झाले तरी आपल्या खान्देशचा उन्हाळा आणि पावसाळा आहेच. वैशाखात फिल्म वाकडी होते, श्रावणात तिच्यावर बुरशी चढते आणि पुस्तकांना कसर लागते. बंद खोली चार पावसाळे बंद राहिली की पुढे उघडून फारसा उपयोग नसतो.

मूस यांच्या मागे मुलेबाळे नव्हती. तरी ते घर राहिले, कारण गावातल्या माणसांनी ते आपले मानले. कलामहर्षी केकी मूस कला प्रतिष्ठानाच्या नावाने त्यांचा संग्रह त्याच घरात सांभाळला गेला. धुळ्यात याच्या आधीचे उदाहरण आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी निधन झाले. तारीख तीच, ३१ डिसेंबर. त्यांच्याही मागे घर चालवायला संतती नव्हती. होती ती गावोगाव पायपीट करून जमवलेली दप्तरे. दुसऱ्याच वर्षी, १९२७ मध्ये, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले आणि ती दप्तरे रद्दीत गेली नाहीत. पारशी कलावंताचे घर आणि ब्राह्मण संशोधकाची दप्तरे, दोन्ही खान्देशातल्या लहान गावांनी सांभाळली. वारस रक्ताचाच असावा लागत नाही, हे यावरून दिसते.

इथे आम्हाला आमच्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय हा लेख म्हणजे दुसऱ्याला दिलेला उपदेश ठरेल. आमचे नाना धुळ्यात एक छोटा फोटो स्टुडिओ चालवत. एक खोली, एक स्टूल आणि मागे ताजमहाल रंगवलेला पडदा. मोहल्ल्यातली निकाहाची जोडपी, हजला निघालेले बुजुर्ग, मॅट्रिक झालेली मुले, सगळे त्या ताजमहालापुढे बसून गेले. जुन्या काचेच्या प्लेटा आणि फिल्मचे डबे माळ्यावर होते. २००१ च्या सुमारास नाना वारले. आम्ही तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होतो. घर लहान, माणसे जास्त, माळा रिकामा करायचा ठरले. फिल्म भंगारात गेली. काचा फ्रेमवाल्याला हव्या होत्या, पण स्वच्छ करून. मामांनी अंगणात घमेल्यात सोडा घालून पाणी तापवले आणि आम्हा मुलांना काचा धुवायला बसवले. गरम पाण्यात काच धरली की वरचा काळा पापुद्रा सुटायचा आणि चेहरा पाण्यावर तरंगायचा. आम्हाला फार मजा वाटली. एका दुपारी आम्ही निम्मा मोहल्ला धुऊन टाकला.

यात कोणाचा दोष नव्हता. त्या पैशांची गरज होती आणि त्या काचांवर कोण होते, हे सांगणारे कागद घरात नव्हते. नाव नसलेला चेहरा म्हणजे शेवटी काचच. नानांनी एक वही लिहून ठेवली असती, तर मामांचा हात कदाचित थांबला असता.

ज्या रेम्ब्रांटचे नाव मूस यांनी घराला दिले, त्याची हकीकत इथे जोडण्यासारखी आहे. १६५६ साली त्याचे दिवाळे निघाले. सरकारी माणसे ॲम्स्टरडॅममधल्या घरी आली आणि देणेकऱ्यांसाठी त्यांनी खोलीवार, वस्तूवार यादी केली. सामान विकले गेले, घरही गेले. पण ती यादी राहिली. १९११ साली त्या घरात संग्रहालय उघडले आणि पुढे त्याच यादीच्या आधाराने खोल्या पुन्हा पूर्वीसारख्या मांडल्या गेल्या. सामान गेले तरी यादीमुळे घर परत उभे राहू शकते. यादी नसेल तर सामान असूनही ते भंगारच असते. उर्दूत आपण यादीला फेहरिस्त म्हणतो. आपल्या मदरशांनी आणि जुन्या कुतुबखान्यांनी हस्तलिखितांच्या फेहरिस्ती केल्या. घरांच्या मात्र कोणी केल्या नाहीत.

सहलीहून परतल्यावर आम्ही नववीला निबंध दिला नाही, यादी दिली. घरातली एक जुनी वस्तू आणि तिच्यासाठी चार रकाने : काय आहे, कोणाचे होते, केव्हाचे आणि हे कोणी सांगितले. मुलांनी लिहून आणले. दादीचे पानदान. हातमागाचा धोटा, घरात पॉवरलूम येण्यापूर्वीचा. निकाहनाम्याचा विरलेला कागद. आजोबांचा रेशनकार्डावरचा फोटो. ज्या पालकांनी भाड्याचा प्रश्न विचारला होता, त्यांच्या मुलाने अब्बांच्या अब्बांचा हजच्या पासपोर्टचा फोटो लिहिला होता आणि शेवटच्या रकान्यात, 'अब्बांनी सांगितले, सांगताना रडले.'

वाचकहो, आपल्या समाजाचा इतिहास कोणी लिहीत नाही, ही तक्रार आपण या पानांवर पुष्कळदा केली आहे आणि ती खरी आहे. पण लिहिणाऱ्याला लागणारे सामान आपणच दर दिवाळी-ईदच्या साफसफाईत बाहेर काढतो, हेही तितकेच खरे आहे. प्रत्येक घराचे कलादालन होणार नाही, व्हायची गरजही नाही. एक वही मात्र प्रत्येक घरात होऊ शकते. तिला तिकीट लागत नाही, अनुदान लागत नाही.

आमच्या मुलांची वही शाळेच्या कपाटात आहे. दर वर्षी नववीचा वर्ग तिच्यात भर घालतो. कपाटाची किल्ली सध्या आमच्याकडे असते. आमच्यानंतर ती कोणाकडे द्यायची, हे अजून ठरलेले नाही. ते आम्हाला याच वर्षी ठरवायचे आहे.