साबळे, शाहीर
साबळे, शाहीर : (३ सप्टेंबर १९२३ – २० मार्च २०१५). मराठी लोकगायक, लोकनाट्यकार व लोककलांचे शिक्षक. मूळ नाव कृष्णराव गणपतराव साबळे. जन्म पसरणी (ता. वाई, जि. सातारा) येथे. शालेय वयात अमळनेरला साने गुरुजींचा सहवास लाभला. स्वातंत्र्यलढा आणि संयुक्त महाराष्ट्र चळवळीत त्यांनी पोवाड्यांतून जनजागृती केली. ‘आंधळं दळतंय’, ‘यमराज्यात एक रात्र’ ही त्यांची मुक्तनाट्ये गाजली. पोवाड्याचा खडा स्वर आणि एकनाथांच्या ‘विंचू चावला’ या भारुडातला ठसकेबाज अभिनय त्यांना सारखाच सहज साधत असे. राजा बढे यांच्या शब्दांतील आणि श्रीनिवास खळे यांनी संगीतबद्ध केलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे त्यांनी गायिलेले गीत २०२३ मध्ये राज्यगीत झाले.

‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमात गोंधळ, वासुदेव, कोळीगीते व लावणी त्यांनी एका रंगमंचावर आणली. शाहिरांमागे झील धरणे, ढोलकीच्या ठेक्यावर पाऊल टाकणे, गाता गाता अभिनय करणे हे तरुण कलावंत प्रत्यक्ष प्रयोगांतून शिकले. भरत जाधव, केदार शिंदे व अंकुश चौधरी हे कलावंत साबळे यांच्याच पथकात घडले. लोककलेला प्रतिष्ठा देऊन ती पुढच्या पिढीच्या हाती सोपवणे, हे त्यांचे मोठे कार्य. संगीत नाटक अकादमी पुरस्कार व पद्मश्री (१९९८) हे त्यांचे प्रमुख सन्मान. ‘माझा पवाडा’ हे त्यांचे आत्मचरित्र. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.