पुणे–दिल्ली : अंतर व विमानप्रवास

पुण्याच्या कसबा पेठेपासून दिल्लीच्या लाल किल्ल्यापर्यंतचे सरळ अंतर सुमारे 1,180 किमी. असून दिशा उत्तरेची, किंचित पूर्वेकडे कललेली, आहे. पेठेस लागून असलेल्या शनिवारवाड्याचे उत्तराभिमुख महाद्वार ‘दिल्ली दरवाजा’ या नावाने ओळखले जाते, ते भूगोलाला धरूनच होय. लोहगाव ते इंदिरा गांधी विमानतळ हे अंतर सुमारे 1,155 किमी. भरते. सडकेने ते 1,450 किमी.च्या आसपास जाते, आणि पुण्याहून निघताच पूर्वेस दौंडकडे वळून मग मनमाड, भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी असा फेरा घेणाऱ्या लोहमार्गाने तर 1,600 किमी.पर्यंत पोहोचते.

पेशवाईत हे अंतर मजलांनी मोजले जाई, आणि मजल किती पडेल हे घोड्यांपेक्षा नद्या, दाणावैरण व सोबतचे बुणगे यांवरच अधिक अवलंबून असे. 1737 च्या मार्चअखेरीस थोरले बाजीराव मोगल फौजांना बगल देऊन दिल्लीच्या वेशीपाशी ठेपले, ते सडे स्वारीच्या बळावर. उलट सदाशिवरावभाऊंचे सैन्य, जड तोफखाना, यात्रेकरू व कबिले यांसह मार्च 1760 मध्ये मराठवाड्यातील परतूरहून कूच करून, वाटेत पुराने फुगलेल्या गंभीर नदीने अडवून धरल्यामुळे, ऑगस्टच्या आरंभी दिल्लीस पोहोचले. जासूद-काशीद सैन्यापेक्षा पुष्कळ चपळ असत. तरीही 14 जानेवारी 1761 रोजी झालेल्या पानिपतच्या पराभवाची वार्ता, उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांस भेलसा (विदिशा) येथे मिळेपर्यंत दहा दिवसांच्या आसपास काळ लोटला होता.

ताशी 800 किमी. वेगाचे विमान हे अंतर हिशेबाने दीड तासाच्या आत तोडील; वेळापत्रकात मात्र दोन ते सव्वादोन तास धरलेले असतात, कारण ती गणना विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे थांबेपर्यंतची असते. लोहगावची धावपट्टी साधारणतः पूर्व-पश्चिम असल्याने उड्डाणानंतर उत्तरेकडे वळण घ्यावे लागते. शिवाय ती भारतीय हवाईदलाच्या ताब्यात असल्यामुळे लष्करी उड्डाणांचा मान आधी राखावा लागतो. ऑक्टोबर 2021 मध्ये दुरुस्तीसाठी ती चौदा दिवस बंद राहिली, तेव्हा पुण्याचा मुलकी हवाई प्रवास सर्वस्वी थांबला होता. हिवाळ्यात उत्तर भारतावरून वाहणारे पश्चिमेकडील वेगवान वारे या मार्गाला बहुतांशी आडवे पडतात, म्हणून जाण्याच्या व येण्याच्या वेळेत पूर्व-पश्चिम मार्गांइतकी तफावत पडत नाही.

खरा कालापव्यय जमिनीवरच होतो. कसब्यापासून विमानतळ ईशान्येस सरळ रेषेत 10 किमी.च्या आतच आहे. परंतु कुंभारवाडा, तांबट आळी या जुन्या वस्तीतून मोटार बाहेर काढणे हे स्वतंत्र प्रकरण आहे. सप्टेंबर 2024 मध्ये कसबा पेठ हे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाल्यापासून, जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून रामवाडीपर्यंत व तेथून बसने वा रिक्षाने लोहगाव गाठणे सुलभ झाले आहे. दिल्लीतही विमानतळापासून लाल किल्ला सरळ रेषेत 18 किमी.च्या आसपास राहतो. घरापासून मुक्कामापर्यंत पाच-सहा तासांची बेगमी करावी हे बरे. आणि पौष-माघात दिल्लीवर दाट धुके उतरते, त्या दिवसांत पहाटेच्या विमानाने जाणाऱ्याने त्याच दिवशीची कोर्टाची तारीख किंवा लग्नाचा मुहूर्त त्यावर अवलंबून ठेवू नये.