वाफेचे समीकरण आणि कृष्णविवर

पाण्याची वाफ होणे हे वर्गात शिकवले जाणारे सर्वांत परिचित अवस्थांतर. 1869 मध्ये बेलफास्ट येथील थॉमस अँड्र्यूज यांनी दाखवले, की कार्बन डायऑक्साइड वायू सुमारे 31 अंश सेल्सिअसच्या वर असताना कितीही दाबला तरी त्यात द्रव वेगळा दिसत नाही. या क्रांतिक बिंदूपाशी द्रव आणि वायू यांतील भेदच मावळतो. 1873 मध्ये व्हान डर वाल्स यांनी रेणूंचे आकारमान व परस्परांतील आकर्षण विचारात घेऊन याचे समीकरण मांडले.

शंभर वर्षांनी हाच विषय अनपेक्षित ठिकाणी उपस्थित झाला. कृष्णविवराच्या सीमापृष्ठाचे क्षेत्रफळ म्हणजे त्याच्या एन्ट्रॉपीचे माप होय, असे बेकेनस्टाइन यांनी सुचवले. 1974 मध्ये हॉकिंग यांनी कृष्णविवराला तापमानही असते, हे गणिताने दाखवले. सूर्याइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे तापमान किती? एका केल्व्हिनचे दहा कोटी भाग केले, तर त्यांतील सुमारे 6! शिवाय वस्तुमान घटले की तापमान वाढते. म्हणजे ऊर्जा गमावणारे कृष्णविवर अधिकच तापते. अशी वस्तू मोकळ्या अवकाशात भोवतालाशी स्थिर समतोल राखू शकत नाही.

1983 मध्ये हॉकिंग आणि डॉन पेज यांनी ऋण विश्वस्थिरांक असलेल्या काल्पनिक विश्वाचा विचार केला. तेथे बाहेर गेलेले प्रारण जणू बंद भांड्यातल्याप्रमाणे परत येते. अशा विश्वात ठरावीक तापमानाखाली नुसते प्रारण टिकते, तर त्यावर मोठे कृष्णविवर. हे अवस्थांतरच होय. पुढे 1999 मध्ये विद्युतभारित कृष्णविवरांत लहान आणि मोठी अशा दोन अवस्था आढळल्या. 2009 मध्ये कॅस्टर, रे व ट्रॅशेन यांनी विश्वस्थिरांकाला दाब मानले. 2012 मध्ये कुबिझ्न्याक आणि मान यांनी त्या आधारे भारित कृष्णविवराचा क्रांतिक बिंदू काढला. तेथील दाब गुणिले विशिष्ट आकारमान, भागिले तापमान हे गुणोत्तर योग्य एककांत 3/8 आले. व्हान डर वाल्स यांच्या समीकरणातूनही नेमके हेच मिळते!

मात्र विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. हे सारे गणित आहे, निरीक्षण नव्हे. 1998 मधील अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांवरून आपल्या विश्वातील स्थिरांक धन असल्याचे दिसते.

मग या साम्याचे मोल काय? व्हान डर वाल्स यांनी रेणू गृहीत धरले, तेव्हा रेणूंचे अस्तित्वच वादग्रस्त होते. पेरँ यांच्या 1908 पासूनच्या प्रयोगांनी तो वाद मिटवला. उष्णता ही रेणूंची हालचाल असेल, तर तापमान असलेल्या कृष्णविवराचे 'रेणू' कोणते? या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर अजून मिळायचे आहे.