अंगात मुरलेल्या भीतीवरचा उपचार

"वडिलांचा विषय निघाला आणि तुमचे खांदे कानापर्यंत चढले. जाणवतंय का?" जुहू-अंधेरीकडच्या समुपदेशकांच्या खोल्यांत हल्ली असे प्रश्न विचारले जातात. समोरची बाई जरा थबकते, म्हणते, "हो, आणि घसाही आवळलाय." मग उरलेला वेळ वडिलांपेक्षा त्या घशावरच जास्त जातो. ज्यांच्या कुशीत शिरायचं त्यांचीच लहानपणी धास्ती बसली, तर ती भीती अंगात मुरते. नुसत्या समजुतीच्या गोष्टींनी उतरत नाही, ही यामागची धारणा. हा उपचार परदेशातून आला असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे, कारण त्याची घराणी दोन.

परदेशी घराण्याचा मूळपुरुष विल्हेल्म राइश. फ्रॉइडच्या या शिष्याने १९३३ साली 'कॅरॅक्टर अ‍ॅनालिसिस' हे पुस्तक काढलं. दाबलेल्या भावना स्नायूंत चिलखतासारख्या घट्ट बसतात, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच वर्षी मनोविश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून त्याला काढण्यात आलं. त्याचा शिष्य अलेक्झांडर लोवेन याने १९५६ मध्ये न्यूयॉर्कला श्वास, उभं राहण्याची ढब आणि थरथर यांवर बेतलेल्या उपचारांची संस्था काढली.

दुसरं घराणं जुहूच्या शेजारचंच. २५ डिसेंबर १९१८ रोजी श्रीयोगेंद्रांनी वर्सोव्यात, दादाभाई नौरोजींच्या घरी, द योग इन्स्टिट्यूट सुरू केली. योग गुहेतून काढून संसारी माणसाच्या दुखण्याखुपण्यापाशी आणणं हा त्यांचा ध्यास. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून योग प्रयोगशाळेत नेला. तिथला धागा परळच्या केईएम रुग्णालयात पोचला. मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया आणि सहकाऱ्यांनी पतंजलीच्या आधारे उपचार बेतला आणि १९६६ मध्ये त्याविषयी ब्रिटिश मनोविकार नियतकालिकात लिहिलं. पुढच्या प्रयोगांत काही रुग्णांना आसनांपासून ध्यानापर्यंतच्या पाच पायऱ्या शिकवल्या, तर काहींना दिसायला तशाच हालचाली नि श्वसन, पण धारणा-ध्यान वगळून. पाचही पायऱ्या करणारे जास्त सुधारले. नुसतं अंग हलवून भागत नाही, अवधान लागतं, हे मुंबईतल्या महापालिकेच्या रुग्णालयात तपासून पाहिलं गेलं.

दोन्ही घराण्यांची सोयरीक जमली ती रजनीशांच्या मांडवात. १९७० मध्ये मुंबईत त्यांनी 'डायनॅमिक' ध्यान मांडलं: दहा मिनिटं बेबंद श्वास, दहा मिनिटं आरडाओरडा-रडणं, दहा मिनिटं 'हू'चा घोष, मग पंधरा मिनिटं निश्चल आणि पंधरा मिनिटं नाच. १९७४ नंतर पुण्याच्या कोरेगाव पार्कातल्या त्यांच्या आश्रमात पाश्चात्त्य थेरपिस्ट येऊन उपचारगट चालवू लागले. काही गटांत राग मोकळा करण्याच्या नावाखाली हाणामारी होई, माणसं जखमी होत. अमेरिकेतल्या एसालेन संस्थेचे सहसंस्थापक रिचर्ड प्राइस यांनी १९७८ मध्ये त्यावर टीका केली. १९७९ मध्ये मारहाण थांबवल्याचं आश्रमाने सांगितलं. जगभर फिरून परतलेले रजनीश १९८६ मध्ये काही महिने जुहूलाच राहिले आणि जानेवारी १९८७ मध्ये पुण्याला गेले.

भावनांचा बांध फोडला की माणूस बरा होतो, हा त्या काळचा भ्रम. घरच्या माणसाने दुखावलेल्याला गटाच्या दडपणाखाली ओरडायला लावलं, तर जुनीच जखम पुन्हा होते. म्हणून थेरपिस्ट पीटर लेव्हिन यांच्यासारख्यांनी उलटी वाट धरली: भीती चिमूटभर जागवायची, लगेच पायाखालच्या जमिनीकडे, समोरच्या शांत चेहऱ्याकडे लक्ष आणायचं, मग पुढचं पाऊल. लेव्हिन यांचं 'वेकिंग द टायगर' हे पुस्तक १९९७ चं. यात तंत्राइतकंच मोल आहे घाई न करणाऱ्या, 'नाही' ऐकून घेणाऱ्या माणसाला. नात्यात झालेली जखम नात्यातच भरते. आसन, श्वास, स्पर्श ही तिथवर पोचायची साधनं.

तेव्हा अशा उपचाराला जाताना आधी विचारा: शिक्षण कुठे झालं? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का? स्पर्श करण्याआधी परवानगी घ्याल का? मी 'थांबा' म्हटलं तर थांबाल? शेवटच्या दोन प्रश्नांना आढेवेढे घेणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. आणि रात्री-अपरात्री मन फारच बिथरलं, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.